रसाभासातील रस

उत्तम कलाकृती माणसाने पुन्हा पुन्हा पाहावी, यात नवल नाही. सामान्य कलाकृती एकदा पाहून विसरावी, हेही रीतीला धरूनच आहे. परंतु सर्वांनी एकमुखाने वाईट ठरविलेला चित्रपट लोकांनी मध्यरात्री तिकीट काढून, मित्रांना ओढून नेऊन, दहाव्या-विसाव्या वेळी पाहावा, याचा उलगडा रसिकतेच्या रूढ कल्पनांनी होत नाही. ‘हसायला मिळते म्हणून’ हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. वाईट चित्रपट दरवर्षी शेकड्यांनी निघतात आणि त्यांतील बहुतेक केवळ कंटाळवाणे असतात. हसू येते ते फार थोड्यांचे. जीव जडतो तो त्याहूनही थोड्यांवर.

या थोड्यांमध्ये अग्रपूजेचा मान ‘प्लॅन नाइन फ्रॉम आऊटर स्पेस’ या अमेरिकी चित्रपटाचा. एड वुड या दिग्दर्शकाने तो 1956 मध्ये चित्रित केला. परग्रहावरील प्राणी पृथ्वीवरील मृतांना उठवतात आणि मानवाला विश्वसंहारक अस्त्र बनविण्यापासून परावृत्त करू पाहतात, असे त्याचे कथानक. कल्पना क्षुद्र नाही. अणुबॉम्बच्या छायेत जगणाऱ्या त्या दशकाची भीती तिच्यात आहे. मात्र पडद्यावर दिसते ते निराळेच. स्मशानातील थडगी धक्का लागताच डुलतात. एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र आळीपाळीने येतात. विमानचालकांच्या कक्षाला दाराऐवजी पडदा आहे. ड्रॅक्युलाच्या भूमिकेमुळे गाजलेले वृद्ध नट बेला लुगोसी यांची काही मिनिटांची दृश्ये वुडजवळ होती. लुगोसी 1956 च्या ऑगस्टमध्ये निवर्तले. तेव्हा वुडने आपल्या पत्नीच्या ओळखीच्या एका अस्थिचिकित्सकाला झगा पांघरून उभे केले. हा गृहस्थ लुगोसींहून उंच होता आणि चेहऱ्याने मुळीच त्यांच्यासारखा नव्हता, म्हणून संपूर्ण चित्रपटभर तो झग्याने तोंड झाकून वावरतो.

येथे आपल्या साहित्यशास्त्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित क्षेमेंद्र औचित्याची चर्चा करताना दागिन्यांचाच दाखला देतात: कमरेची मेखला गळ्यात आणि गळ्यातला हार कमरेवर घातला, तर कोण हसणार नाही? त्यांच्याआधी अभिनवगुप्तांनी याहून खोल विचार मांडला होता. अनौचित्य हेच हास्याचे कारण, आणि ते कोणत्याही रसात शिरू शकते. रावणाचा सीतेविषयीचा अनुराग हा शृंगार नव्हे, शृंगाराचा आभास होय. परंतु येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, रावण स्वतः विनोद करीत नाही. तो मनापासून बोलतो. त्याचे बोलणे ऐकत असता क्षणभर आपल्यालाही तो शृंगारच भासतो; हसू येते ते मागाहून, विचाराअंती.

‘प्लॅन नाइन’ची गोडी नेमकी या रसाभासात आहे. वुड भयानक रस मांडू पाहतो आणि हाती लागते हास्य. पण त्या हास्याच्या तळाशी त्याने धरलेला भयानकाचा ध्यास दिसत राहतो. अमेरिकी समीक्षक सुसान सोंटॅग यांनी ‘कॅम्प’ या अभिरुचीवर 1964 मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात हेच वेगळ्या वाटेने सांगितले: शुद्ध कॅम्प भोळा असतो, तो गंभीरपणेच मांडला जातो आणि फसतो. दोन परंपरा, दोन काळ. निष्कर्ष मात्र एकच. कर्त्याचा प्रामाणिकपणा वजा केला की उरते ती केवळ निकृष्टता. म्हणूनच मुद्दाम वाईट बनविलेले चित्रपट क्वचितच रंगतात. वेडा वाकुल्या दाखवतो आणि शहाणा वेड्याचे सोंग आणतो, यांतील फरक प्रेक्षकाला बरोबर कळतो.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. टॉमी विसो यांचा ‘द रूम’ 2003 मध्ये लॉस एंजेलिस येथे प्रदर्शित झाला. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि नायक तेच. खर्च सुमारे 60 लाख डॉलर झाल्याचे सांगितले जाते. प्रेमातील विश्वासघाताची शोकांतिका त्यांना लिहावयाची होती. चित्रपटात नायिकेची आई आपल्याला कर्करोग झाल्याचे सहज सांगते आणि मग तो विषय पुन्हा कधीही निघत नाही. घरात भिंतीलगत तसबिरी आहेत, त्यांत चित्र चमच्यांचे. पुढे मध्यरात्रीच्या खेळांना प्रेक्षक प्लॅस्टिकचे चमचे घेऊन जाऊ लागले आणि ती तसबीर दिसताच पडद्याकडे उधळू लागले. येथे चित्रपटाचे रूपांतर एखाद्या जत्रेत होते. संवाद सर्वांना पाठ, टाळी कोठे द्यायची हे ठरलेले. उत्तम चित्रपट माणूस अंधारात एकटा पाहू शकतो. असा चित्रपट एकट्याने पाहणे जवळजवळ अशक्य. त्याचे अर्धे आकर्षण शेजारच्या खुर्चीत असते.

हिंदीत हा मान कांती शहा यांच्या 1998 मधील ‘गुंडा’ने मिळविला. मिथुन चक्रवर्ती नायक असलेल्या या चित्रपटातील खलपुरुष यमक जुळवून स्वतःची ओळख करून देतात. ही यमके पुढे महाविद्यालयीन वसतिगृहांतून मुखोद्गत झाली. हिंदी मुलखात वाढलेल्या आपल्या घरांतील तरुणांनीही ती ऐकली असतील. परंतु येथे एक मर्यादा स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. या चित्रपटात स्त्रियांवरील अत्याचारही त्याच यमकांच्या ओघात येतात. डुलणाऱ्या थडग्याला हसणे निराळे आणि यांना हसणे निराळे. फसलेली कला क्षम्य आहे. तिच्या आडून येणारे क्रौर्य ‘गंमत’ म्हणून सोडून देता येत नाही.

यातूनच मूळ प्रश्न उभा राहतो. आपण हसतो ते कोणाला? 1980 मध्ये वाईट चित्रपटांची थट्टा करणाऱ्या एका अमेरिकी पुस्तकाने ‘प्लॅन नाइन’ला सर्वांत वाईट चित्रपट आणि वुडला सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरविले, आणि तेथून त्याची खरी कीर्ती सुरू झाली. वुड मात्र डिसेंबर 1978 मध्येच, भाड्याच्या घरातून बाहेर काढले गेल्यानंतर काही दिवसांतच, दारिद्र्यात मरण पावला होता. वय 54. पुढे 1994 मध्ये टिम बर्टन यांनी त्याच्यावर आस्थेने चित्रपट काढला आणि त्याला दोन ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यांतील एक लुगोसींची भूमिका करणाऱ्या मार्टिन लँडो यांना. वुडने हे काहीच पाहिले नाही.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या गणेशोत्सवात ऐतिहासिक नाटक असे. घरापासून पिढ्यान्‌पिढ्या दूर राहिलेल्या आम्हा मंडळींना मराठी रंगभूमी म्हणून वर्षातून ते एकच दर्शन. एका वर्षी दुसऱ्या अंकात गडाची तटबंदी, म्हणजे बांबूंवर ताणलेले रंगीत कापड, कलंडली. स्वगत म्हणणारे गृहस्थ दिवसा कचेरीत कारकुनी करीत. त्यांनी एका हाताने तट सावरून धरला आणि दुसऱ्या हाताने तलवार उगारून स्वगत शेवटच्या शब्दापर्यंत म्हटले. मंडप हसून लोटपोट झाला आणि मग उभा राहून टाळ्या वाजवू लागला. तो प्रसंग आमच्याकडे आजही प्रेमाने सांगितला जातो. त्या वर्षीची इतर सफाईदार नाटके कोणाच्या लक्षात नाहीत. पण ते गृहस्थ पुन्हा कधी रंगमंचावर उभे राहिले नाहीत. त्यांना हसणे ऐकू गेले होते, त्यातले प्रेम पोहोचले नव्हते.

फसलेल्या कलाकृतीवर प्रेम करणे ही अभिरुचीची अधोगती आहे, असे मला वाटत नाही. परिपूर्ण कलाकृती आपल्यापुढे कर्त्याचा विजय ठेवते; तेथे त्याचे कष्ट दिसू नयेत, हीच तिची कसोटी. फसलेली कलाकृती तट सावरून धरलेला हात दाखवते. प्रत्येकाने आयुष्यात कधी ना कधी असा तट धरलेला असतो, म्हणून ते दृश्य आपल्याला सोडत नाही. मात्र ही रसिकता एक जबाबदारी घेऊन येते. ज्याचे स्वगत आपण हसत ऐकले, त्याला खेळ संपल्यावर आत जाऊन भेटणे, हा त्या रसास्वादाचाच भाग आहे. आम्ही त्या रात्री टाळ्या वाजवून घरी गेलो.