अनुक्रमणिकेतील सिद्धान्त : ‘गीतारहस्या’च्या ग्रंथरचनेचा विचार

वैचारिक ग्रंथाची अनुक्रमणिका म्हणजे पृष्ठे शोधण्याची सोय, अशी समजूत अध्यापनव्यवहारात रूढ आहे. अभ्यासक्रमात ग्रंथातील एखादे प्रकरण नेमले जाते आणि ते स्वतंत्र निबंधासारखे शिकविले जाते. लोकमान्य टिळकांच्या ‘श्रीमद्भगवद्गीतारहस्य अथवा कर्मयोगशास्त्र’ या ग्रंथाच्या बाबतीत ही पद्धत विशेष घातक ठरते. कारण येथे प्रतिपादनाचा मोठा भाग प्रकरणांच्या क्रमातच सामावलेला आहे.

मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिला गेलेला हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गीतेवर लिहावयाचे तर श्लोकामागून श्लोक घेत जावे, ही भाष्यकारांची परंपरा. ‘ज्ञानेश्वरी’ही तोच क्रम राखते. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेली अठरा प्रवचनेही अध्यायांच्या क्रमानेच चालतात. टिळकांनी मात्र आधी पंधरा प्रकरणांचे विवेचन, मग बहिरंगपरीक्षणाचे परिशिष्ट आणि शेवटी मूळ श्लोक, भाषांतर व टीपा अशी योजना केली. भाष्याचा साचा मोडून त्यांनी शास्त्राचा साचा स्वीकारला. ग्रंथाच्या नावातील ‘अथवा कर्मयोगशास्त्र’ हे शब्द याच निवडीची साक्ष देतात.

‘कर्मजिज्ञासा’ या दुसऱ्या प्रकरणात हॅम्लेट, विश्वामित्र अशा उदाहरणांतून कर्तव्यसंभ्रम उभा राहतो. तिसऱ्यात नीतिविचाराच्या आधिभौतिक, आधिदैविक व आध्यात्मिक अशा तीन पद्धती सांगितल्या जातात. चौथे व पाचवे प्रकरण पहिल्या पद्धतीची झाडाझडती घेते, सहावे सदसद्विवेकबुद्धीला देवता मानणाऱ्या पक्षाची, आणि सातव्यापासून नवव्यापर्यंत सांख्य व वेदान्ताची मांडणी होते. फ्रेंच तत्त्वज्ञ कोंत याने मानवी ज्ञानाच्या विकासात आधिभौतिक अवस्था शेवटची व श्रेष्ठ मानली होती. टिळक तीच पद्धत प्रथम तपासतात आणि अध्यात्माला निर्णयाचे स्थान देतात. कोंतचे खंडन अशा रीतीने क्रमातूनच सुरू होते. म्हणूनच केवळ चौथे प्रकरण वाचणाऱ्या विद्यार्थ्याला तेथील उपयुक्ततावादाचे सविस्तर निरूपण हेच टिळकांचे मत वाटू शकते. पूर्वपक्ष सिद्धान्त म्हणून उतरवून घेतला जातो, आणि उत्तरपत्रिकेत ही चूक सहज खपून जाते!

‘संन्यास व कर्मयोग’ हे अकरावे प्रकरण ग्रंथाचा कणा होय. कर्म, आत्मस्वातंत्र्य आणि ज्ञान यांचा निर्णय दहाव्या प्रकरणापर्यंत झालेला असल्याने, ज्ञानोत्तर कर्म करावे की टाकावे हा प्रश्न येथे प्रथमच पूर्ण वजनाने विचारता येतो. हे प्रकरण आधी आले असते, तर ते निव्वळ मताग्रह ठरले असते.

तथापि या रचनेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. उपक्रम, उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद व उपपत्ती ही मीमांसकांची तात्पर्यनिर्णयाची साधने टिळक पहिल्याच प्रकरणात पुढे ठेवतात आणि सांप्रदायिक टीकाकारांनी आपले मत गीतेवर लादले, असा ठपका ठेवतात. परंतु त्यांच्याही ग्रंथात वाचक श्लोकांपाशी पोहोचतो तो पंधरा प्रकरणांचा संस्कार घेऊनच. ‘गीताध्यायसंगति’ हे चौदावे प्रकरण मूळ अध्यायक्रमाकडे वळते व कर्म, भक्ती, ज्ञान अशी सहा-सहा अध्यायांची प्रचलित विभागणी नाकारते. पण तोवर निकाल लागलेला असतो. हा क्रम आरंभी असता तर वाचकाला टिळकांचे प्रतिपादन मूळ संहितेवर पदोपदी ताडून पाहता आले असते.

भक्तीच्या बाबतीत हे अधिक जाणवते. गीतेत भक्तीचा प्रवाह सातव्या अध्यायापासून बाराव्यापर्यंत मध्यभागी वाहतो. ‘रहस्या’त ‘भक्तिमार्ग’ सिद्धावस्थेच्या विवेचनानंतर, तेराव्या स्थानी येतो. अव्यक्ताची उपासना सर्वांस साधत नाही म्हणून सुलभ मार्ग, ही त्यामागील संगती समजण्याजोगी आहे. तरीही वारकरी परंपरेत वाढलेल्या वाचकाला येथे मुख्य दालन ओसरीवर आल्यासारखे वाटले, तर त्यात नवल नाही.

परिशिष्टाची जागा मात्र निर्विवाद योग्य वाटते. काळ, महाभारताशी संबंध, बौद्ध ग्रंथ व बायबल यांच्याशी तुलना हे विषय अन्य अभ्यासक प्रस्तावनेत घालतात. टिळकांनी ते अंतरंगाच्या विवेचनामागे ठेवले, त्यामुळे गीतेचा काळ कोणताही ठरला तरी कर्मयोगाचे प्रतिपादन त्यावर अवलंबून राहत नाही.