हुबेहूब, पण कुणाच्या डोळ्यांना?

मराठी परीक्षणांतला ‘हुबेहूब’ हा शब्द मला अलीकडे खटकतो. कारण आहे एक गळ.

कॅनडात, निपिगॉन नदीवर, १९३०च्या दशकात डॉन गॅपेन यांनी ब्रूक ट्राउटसाठी ‘मडलर मिनो’ ही फ्लाय बांधली. नक्कल करायची होती स्कल्पिनची, म्हणजे तळच्या दगडांत राहणाऱ्या, रुंद डोक्याच्या इवल्या माशाची. गळावर सोनेरी पट्टी, टर्कीच्या पिसाचे पंख आणि हरणाचे केस फुलवून, कातरून केलेलं बोंडासारखं डोकं. डोळे नाहीत, खवले नाहीत. तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून वाढलेला गिरगावकर याला मासा म्हणायचा नाही.

पण ट्राउट काचेबाहेर उभी नसते. स्कल्पिनला वाताशय नसतो. तो तळाशी बसतो, छोट्या उड्या मारत सरकतो. केसांचं डोकं पाणी ढकलतं आणि ती थरथर ट्राउटच्या पार्श्वरेषेला कळते. गॅपेननी रूप सैल सोडलं, चाल धरली. (अर्धी चाल अर्थात दोरा झटके देत ओढणाऱ्या हाताची.) खवल्यान् खवला रंगवलेले प्लास्टिकचे मासेही ट्राउट पकडतात, नाही असं नाही, पण ती कलाकुसर बरीचशी दुकानातल्या गिऱ्हाइकासाठी असते.

शंकुकाने नाट्याला अनुकरण म्हटलं, चित्रातल्या घोड्याचा दाखला दिला. अभिनवगुप्ताच्या बाजूचा आक्षेप असा की मूळ राम कुणी पाहिलाच नाही, तर नक्कल ओळखणार कोण? ट्राउटपुढे हा आक्षेप लुळा पडतो. तिने मूळ रोज पाहिलंय, खाल्लंय; तरी ती केसांच्या बोंडावर झेपावते.

जयंत पवारांच्या ‘अधांतर’चे (१९९७) लालबाग-परळचे प्रेक्षकही असेच, मूळ पाहिलेले. १९८२च्या संपानंतरचं गिरणी कामगाराचं घर त्यांना नेपथ्यातल्या भांड्यांवरून ओळखायचं नव्हतं. ते ओळखू येतं बेकार मुलगे एका खोलीत एकमेकांच्या अंगावर येतात त्यावरून, आई मध्ये पडते त्यावरून. त्यावरच्या ‘लालबाग परळ’ (२०१०) चित्रपटात दिसायला पुष्कळ आहे. मला हिसका बसतो तो नाटकाचा.

चाळीचा सेट हुबेहूब होता असं यापुढे कुणी लिहिलं, तर मी एवढंच विचारेन: खोलीत दुसरा माणूस शिरला, तेव्हा पहिला कुठे सरकला?