प्रणयकादंबरी आणि कलावाद
स्त्रीपुरुषांच्या परस्परआकर्षणाला कथानकाच्या केंद्रस्थानी ठेवून, त्या अनुभवाला रचनेच्या आणि भाषेच्या सौष्ठवाने कलारूप देऊ पाहणारा मराठी कादंबरीचा एक प्रकार व त्यामागील वाङ्मयीन भूमिका. या प्रकाराला सुस्थिर रूप देण्याचे श्रेय मुख्यतः नारायण सीताराम फडके (४ ऑगस्ट १८९४–२२ ऑक्टोबर १९७८) यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत येथे झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १९४० मध्ये रत्नागिरी येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला.

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या सामाजिक कादंबऱ्यांत स्त्रीचे दुःख आणि कुटुंबातील ताण यांना प्राधान्य होते. बालविवाहाच्या समाजात विवाहपूर्व प्रणयाला वास्तवात फारसा अवकाशच नव्हता. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’त प्रेमकथेला तात्त्विक चर्चेची जोड मिळाली, परंतु तेथे प्रणयापेक्षा विचाराचेच पारडे जड राहिले. पुढे स्त्रियांचे महाविद्यालयीन शिक्षण वाढू लागले. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहाच्या वयाचा प्रश्न ऐरणीवर आणला. शिकलेल्या तरुणतरुणींनी एकमेकांशी कसे बोलावे, कसे वागावे, याचे नमुने समाजात जवळजवळ नव्हते. फडक्यांच्या कादंबरीने ते पुरविले. तिच्या अमाप लोकप्रियतेचे एक कारण येथे आहे.

फडक्यांची पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’ (१९१७) मारी कोरेली या इंग्रज लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेली होती. ‘कुलाब्याची दांडी’ (१९२५), ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९) व ‘अटकेपार’ (१९३१) यांनी त्यांचे स्थान पक्के केले. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात त्यांनी ललितलेखनाच्या तंत्राची मांडणी केली. वाचकाला पहिल्याच पृष्ठावर पकडणारा आरंभ, क्रमाने वाढणारी गुंतागुंत, उत्कंठा आणि अखेरीस गाठीची उकल, ही या तंत्राची अंगे होत. कलेचे प्रयोजन आनंद हेच असून बोध हे तिचे साध्य नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. याउलट वि. स. खांडेकर यांनी जीवनासाठी कला ही भूमिका घेतली. या दोन मतांचा वाद मराठी समीक्षेत दीर्घकाळ गाजला.

या वादाने दोन्ही लेखकांविषयी काहीसा गैरसमज रूढ केला. फडक्यांनी राजकीय चळवळी व सामाजिक प्रश्न यांना कादंबरीत स्थान दिले होते, तर जीवनवादी खांडेकरांची शैली सुभाषितांनी आणि कल्पनाविलासाने नटलेली होती. म्हणून खरा प्रश्न विषय कोणता निवडला हा नसून, निवडलेला विषय पात्रांच्या जीवनात किती खोल उतरतो, हा आहे. येथे फडक्यांची मर्यादा जाणवते. त्यांच्या कादंबरीत चळवळ, निसर्ग वा कलाविषयक अभिरुची प्रणयाची शोभा वाढवितात. पण त्यांमुळे प्रणयाची दिशा क्वचितच बदलते. सुस्थित मध्यमवर्गाचे चौकटबद्ध विश्व, प्रेमाचा त्रिकोण व योगायोग यांची पुनरावृत्तीही टीकेचा विषय झाली. सत्तरांच्या घरात गेलेल्या कादंबऱ्यांत ती अटळही होती.

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) या संदर्भात उद्‌बोधक ठरते. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर, यूरोपातून परतणाऱ्या बोटीवर एका मराठी तरुणाची नाझी छळापासून पळालेल्या ज्यू युवतीशी गाठ पडते. येथे इतिहास ही पार्श्वभूमी नाही. प्रेमाचे आयुष्य किती, हे तोच ठरवितो. तंत्राचा डौल नसतानाही त्या प्रणयाला जी शोकात्म खोली लाभते, ती फडक्यांच्या रेखीव रचनेला सहसा लाभत नाही.

तथापि फडक्यांचे ऋण नाकारता येत नाही. कादंबरीतील गद्य त्यांनी सुटसुटीत व प्रसन्न केले, संवादाला सहजता आणली आणि कादंबरी ही जाणीवपूर्वक घडवावयाची वस्तू आहे, हे भान लेखकाला व वाचकाला दिले. ‘गुजगोष्टी’ या लघुनिबंधांतही हेच गुण दिसतात. तंत्र म्हणजे कलेचे सर्वस्व नव्हे, हे पुढील पिढ्यांना उमगले. पण तंत्राची चर्चा मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचल्यामुळेच ते उमगणे शक्य झाले. प्रणय हा गंभीर कलाकृतीचा विषय होऊ शकतो काय, हा प्रश्न फडक्यांनी आयुष्यभर लावून धरला. त्याचे समाधानकारक उत्तर मात्र मराठीला बहुधा त्यांच्या कादंबऱ्यांबाहेर मिळाले.