शून्य अपघातांची पाटी

दरवर्षी 4 मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनी, कारखान्यांत शपथा होतात, छातीवर बिल्ले लागतात. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींनाही हा दिवस परिचयाचा आहे. अपघाताविना जास्त दिवस काढणाऱ्या विभागाला बक्षीस देण्याची रीतही कारखानदारीत जुनीच. हेतू चांगला, मोजमाप मात्र फसवे.

कारण पाटीवरचा आकडा अपघातांचा नसतो, कळवलेल्या अपघातांचा असतो. 1948च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 88ने, कामगाराला 48 तास वा अधिक काळ काम करता येऊ नये अशी इजा कळवणे बंधनकारक केले. आता प्रेसमध्ये बोट चेमटलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी बोलावून टेबलाशी बसवले, की नोंद टळते! बक्षीस साऱ्या विभागाचे असेल, तर साहेबाला बोलावेही लागत नाही. सोबतीच सांगतात, ‘पट्टी बांध, गप्प बस.’ कंत्राटी कामगार तर आधीच गप्प. (शंभर टक्के हजेरीला बक्षीस लावून पाहा; तापाने फणफणलेले मूल वर्गात येऊन बसेल.)

नुकसान कशाचे होते? यंत्राचे झाकण सैल आहे, दोन्ही हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक कुणी कायमचे दाबून ठेवले आहे, हे किरकोळ दुखापतींच्या नोंदीच सांगतात.

इजा कळवणाऱ्याला त्याबद्दल शिक्षा नको, असा नियम अमेरिकेने 2016 साली केला. 2018च्या खुलाशात बक्षिसांना मुभा मिळाली. पण इजा लपवली जाऊ नये म्हणून धोका दाखवणाऱ्यालाही बक्षीस द्यावे, असे उपाय सुचवले गेले. आपल्या पाटीवर तसा रकाना सहज मावेल. त्यात पहिले नाव लिहिणाऱ्याकडे मुकादम कसा पाहील, एवढेच पाहायचे.