बुद्धिमापन चाचणीवरून फुटबॉलपटू ओळखता येतो का? काही शोधनिबंध वाचताना

आपल्या राज्यात 'प्रबोधिनी' नावाच्या दोन संस्था आहेत. पहिली पुण्याची ज्ञान प्रबोधिनी, १९६२ साली सुरू झालेली. तिच्या प्रशालेत पाचवीला प्रवेश हवा असेल तर मुलांना बुद्धिमापन चाचण्या द्याव्या लागतात. दुसरी राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी. तिथं निवडीच्या वेळी उंची आणि वजन मोजतात, ३० मीटर आणि ८०० मीटर पळवतात, शटल रन, मेडिसिन बॉल फेक, उभी लांब उडी घेतात. एकीकडे डोकं मोजलं जातं, दुसरीकडे अंग.

आता प्रश्न असा की दुसऱ्या ठिकाणीही डोकं मोजावं का? निदान फुटबॉलसाठी तरी? हा प्रश्न नुसता गप्पांचा राहिलेला नाही. १४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा राज्य सरकारच्या 'प्रोजेक्ट महादेवा'चा गाजावाजा झाला. त्यात १३ वर्षांखालची मुलं-मुली हेरून त्यांना फुटबॉलसाठी घडवायचं आहे. मुलं इतक्या लहान वयात निवडायची म्हटलं की कोणीतरी म्हणणारच, 'परदेशात संशोधन झालंय, हुशार पोरं पुढं जातात, एक बुद्ध्यांक चाचणीही लावून टाकू.' आणि दुसरा म्हणेल, 'छे, अमेरिकेनं ती चाचणी बंद केली.' दोघांच्याही हातात शोधनिबंध असतील. माझं म्हणणं असं की दोघांचेही निबंध या प्रश्नाचं उत्तर देत नाहीत. का देत नाहीत, ते नीट बघू. पेट किंवा नेटच्या तयारीत 'वैधता' हा शब्द तुम्ही पाठ केला असेल, इथं तो कामाला लावायचा आहे.

अमेरिकेतला नकार

तिथला फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. चेंडू अंडाकृती, तो हातात घेऊन पळायचं, आणि प्रत्येक डाव आधी आखलेला. त्यांच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये कॉलेजचे खेळाडू निवडण्याआधी त्यांची मोठी तपासणी होते. त्यात अनेक वर्षं 'वंडरलिक' नावाची चाचणी असायची. १२ मिनिटं, ५० प्रश्न. एल्डन वंडरलिक यांनी ती १९३० च्या दशकात नोकरभरतीसाठी तयार केली होती. २०२२ मध्ये लीगनं ती आपल्या तपासणीतून काढून टाकली.

या चाचणीचे किस्से भरपूर आहेत. डॅन मरीनो या महान क्वार्टरबॅकला पन्नासपैकी पंधराच्या आसपासच गुण मिळाल्याचं सांगतात. पॅट मॅकइनली या हार्वर्डच्या खेळाडूला पैकीच्या पैकी. सांगायला हे किस्से छान आहेत, पण त्यांतून सिद्ध काहीच होत नाही. दोन माणसांवरून नियम ठरत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

खरा पुरावा म्हणजे लायन्स, हॉफमन आणि मिशेल यांचा २००९ सालचा 'ह्यूमन परफॉर्मन्स'मधला निबंध. त्यांनी तीन वर्षांच्या निवडीतले ७६२ खेळाडू घेतले आणि वंडरलिकचे गुण व पुढची मैदानावरची कामगिरी यांचा सहसंबंध काढला. बहुतेक जागांसाठी तो शून्याच्या आसपास आला. टाइट एंड आणि डिफेन्सिव्ह बॅक या दोन जागांवर तर उलटा आला, म्हणजे गुण कमी तर कामगिरी चांगली!

इथं 'फुटबॉलला डोकं लागत नाही' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. जरा थांबा.

तुमच्या विभागातले जेआरएफ मिळालेले सगळे संशोधक डोळ्यांसमोर आणा. त्यांचे नेटचे गुण आणि प्रबंधाचा दर्जा यांचा संबंध काढलात तर बहुधा फारसा काही हाती लागणार नाही. म्हणजे विषयाचं ज्ञान संशोधनाला लागत नाही का? तसं नाही. ज्यांच्याकडे ते नव्हतं ते या यादीत आलेच नाहीत. तुम्ही फक्त चाळणीच्या वर राहिलेले दाणे मोजताय. याला रेंज रिस्ट्रिक्शन म्हणतात, म्हणजे निवडीमुळे पट्टी आखडणं.

हे आकड्यात बघा. समजा सगळ्या मुलांमध्ये चाचणी आणि खेळ यांचा सहसंबंध ०.५ आहे. आता खेळावरून निवड केली आणि निवडलेल्या गटात खेळाच्या कौशल्याचा फैलाव, म्हणजे प्रमाण विचलन, निम्मं झालं. तर त्या गटात तोच सहसंबंध ०.२८ च्या आसपास दिसेल. निसर्गात काही बदललं नाही, आपण बघतोय तो तुकडा बदलला.

एनएफएलच्या बाबतीत एक बारकावा आहे. तिथं चाचणीच्या गुणांची पट्टी फारशी आखडलेली नाही. एकाला पंधरा, दुसऱ्याला पन्नास. आखडली आहे ती खेळाची पट्टी, कारण शाळा, कॉलेज, तपासणी असे टप्पे ओलांडून आलेला प्रत्येक जण मुळातच असामान्य खेळाडू असतो. उलट्या सहसंबंधाचं एक शक्य कारणही यातच आहे. ज्याला चाचणीत कमी गुण असूनही संघानं घेतलं, तो दुसऱ्या कशात तरी इतका सरस असणार की संघानं गुणांकडे काणाडोळा केला. तसा माणूस पुढं चांगला खेळला तर नवल नाही.

पण म्हणून 'रेंज रिस्ट्रिक्शन' हा शब्द ढालीसारखाही वापरू नका. श्मिट आणि हंटर यांच्या १९९८ च्या प्रसिद्ध आढाव्यात बुद्धिमापन चाचणी आणि नोकरीतली कामगिरी यांचा सहसंबंध ०.५१ दिला आहे. हा आकडा अनेक पाठ्यपुस्तकांत गेला. पण तो दुरुस्त केलेला आकडा आहे, आणि दुरुस्ती म्हणजे पट्टी किती आखडली याचा अंदाज. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ही दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त झाली होती. त्यांनी काढलेला आकडा ०.३१. म्हणजे मूळ माहितीला विशेष धक्का न लावता, फक्त गृहीतक बदलल्यानं बुद्धीचं वजन एवढं उतरलं. निबंधात 'दुरुस्त सहसंबंध' असे शब्द दिसले की दुरुस्तीआधीचा आकडा शोधायची सवय लावून घ्या.

शिवाय एनएफएलच्या संघाचा प्रश्न वेगळा होता. 'समोर आलेल्या या तयार खेळाडूंतून कोणाला घेऊ?' एवढंच त्याला हवं होतं. त्या प्रश्नाला 'चाचणीनं मदत होत नाही' हे उत्तर चोख आहे. आपला प्रश्न बारा-तेरा वर्षांच्या, अजून कोणत्याच चाळणीतून न गेलेल्या मुलांचा आहे. त्यांच्याबद्दल हा निबंध गप्प आहे.

स्वीडनमधला होकार

आता आपल्या ओळखीच्या फुटबॉलकडे येऊ. २०१२ मध्ये वेस्टबर्ग आणि सहकाऱ्यांचा निबंध 'प्लॉस वन'मध्ये आला. त्यांनी सरसकट बुद्ध्यांक न मोजता एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स मोजली. म्हणजे काय, तर एकाच वेळी नियम लक्षात ठेवणं, आधी केलेलं टाळणं, चटकन नवा पर्याय काढणं. एका चाचणीत कागदावरचे ठिपके चार रेघांनी जोडून एका मिनिटात जमतील तितक्या वेगवेगळ्या आकृत्या काढायच्या, एकही परत यायला नको. फुटबॉलमध्ये पास द्यायच्या क्षणी डोकं जे करतं त्याच्या हे बरंच जवळ आहे, हे मान्य करायला हवं.

त्यांना तीन गोष्टी दिसल्या. स्वीडनच्या वरच्या श्रेणीतले खेळाडू खालच्या श्रेणीतल्यांपेक्षा सरस होते. दोन्ही गट सर्वसामान्य लोकांपेक्षा सरस होते. आणि काही खेळाडूंच्या बाबतीत चाचणीचे गुण व पुढच्या दोन हंगामांतले गोल-असिस्ट यांचा संबंध लागला.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी 'फरक' आहेत, 'भाकीत' नाही. वरच्या श्रेणीत पोचल्यामुळे, रोजच्या सरावानं ही क्षमता वाढली असेल. किंवा ती असल्यामुळे ते वर पोचले असतील. एकदाच मोजलं तर यातलं खरं कोणतं ते कळत नाही. तिसरी गोष्ट मात्र खरंच भाकीत आहे. आधी चाचणी, मग गोल. तिचं श्रेय द्यायलाच हवं.

फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, संख्या. दोन्ही श्रेणींचे मिळून खेळाडू साठाच्या आतच होते, आणि पुढं ज्यांचे गोल मोजले ते त्याहून कमी. समजा २५ खेळाडूंवर ०.५ सहसंबंध मिळाला, तर त्याचा ९५ टक्के विश्वासांतर साधारण ०.१३ ते ०.७५ येतो. म्हणजे संबंध अगदी किरकोळही असू शकतो आणि भरभक्कमही. दोन, हे भाकीत आधीच व्यावसायिक झालेल्यांच्या पुढच्या दोन हंगामांचं आहे. कोण व्यावसायिक होईल याचं नाही.

आणि निकष? गोल आणि असिस्ट. बचावपटू जो गोल होऊच देत नाही, तो या हिशेबात कुठं बसवायचा? हे मोजायला सोपं आहे म्हणून मोजलं जातं.

आता मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेली गोष्ट. २०१२ च्या निबंधाच्या शीर्षकात होतं की ही क्षमता यशाचं 'भाकीत करते'. याच गटानं २०१७ मध्ये १२ ते १९ वर्षांच्या ३० निवडक खेळाडूंवर निबंध लिहिला. त्याचं शीर्षक म्हणतं की ही क्षमता यशाशी 'निगडित आहे'. क्रियापद बदललं! दुसरं शीर्षक जास्त प्रामाणिक आहे. निबंध वाचताना निष्कर्षातलं क्रियापद पेन्सिलनं अधोरेखित करा आणि मग पद्धतीच्या भागात जाऊन बघा, ते क्रियापद पेलवेल असं काम खरंच केलंय का.

शिवाय १२ ते १९ हा पट्टा घेतला की वयाचा प्रश्न येतो. ही क्षमता या वयात वाढतच असते, मग मुलगा फुटबॉल खेळो वा न खेळो. वयाचा हिशेब नीट केला नाही तर चाचणी हुशारी मोजतेय की जन्मतारीख, हे सांगता येणार नाही.

आपल्या मुलांवर हे लावायचं का?

समजा उद्या एक बरी चाचणी मिळाली. १००० मुलं आली, त्यातली १० पुढं खरोखर व्यावसायिक होणार आहेत. चाचणी त्या दहांतली ८ ओळखते, आणि उरलेल्या ९९० पैकी फक्त २० टक्क्यांना चुकून 'होणार' म्हणते. ऐकायला उत्तम. पण मग निवडलेली मुलं होतात २०६, त्यात खरी ८, म्हणजे साधारण ४ टक्के. आणि दोन पोरं कायमची बाहेर. शंभरात एकालाच जमणारी गोष्ट असली की चांगली चाचणीही अशी लंगडते.

ती दोन पोरं कोणती असतील? बुद्धिमापन चाचणी हवेत तरंगत नाही, ती कुठल्यातरी भाषेत असते. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकातच बिनेची चाचणी मराठी आणि कानडीत आणली. नुसतं भाषांतर पुरत नाही, इथल्या मुलांवर ती नव्यानं बसवावी लागते, हे त्यांना ठाऊक होतं. आज सोनाळ्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून एखादी मुलगी बुलढाण्याला निवड चाचणीला गेली असं धरा. आसपासच्या आदिवासी गावांतल्या कित्येक मुलांची घरची बोली मराठीही नसते. ठिपके जोडायच्या चाचणीला भाषा लागत नाही हे खरं, पण घड्याळ लावून कागद सोडवायची सवय लागतेच. ती शहरातल्या शिकवणीच्या मुलाला असते. मग आपण खेळाचं डोकं मोजलं की परीक्षेचा सराव? ८०० मीटर पळताना निदान ती मुलगी बरोबरीनं उभी असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बुद्धिमापन चाचणीचे गुण लावून लहान मुलांना फुटबॉलमधून वगळू नये. त्याला आज पुरावा नाही. पण 'डोक्याचा काही संबंध नाही' म्हणायलाही पुरावा नाही.

पुरावा हवा असेल तर वाट आहे, आणि ती तुमच्यातलाच कोणी चालू शकतो. निवडीला आलेल्या सगळ्या मुलांची चाचणी घ्या, निवड झालेल्यांची आणि न झालेल्यांचीही. गुण पाकिटात बंद करा. प्रशिक्षकाला नाही, पालकांना नाही, कोणालाच सांगू नका, म्हणजे निवडीवर त्यांचा परिणाम होणार नाही. वय महिन्यांत नोंदवा, घरची भाषा नोंदवा. यशाचा निकष आजच लिहून ठेवा, नंतर सोयीनं बदलायचा नाही. मग सहा-आठ वर्षं थांबा आणि पाकिटं उघडा. तेव्हा बघायचं ते एवढंच की पळणं, उडी आणि प्रशिक्षकाची नजर यांच्यावर चाचणीनं आणखी काही भर घातली का.

काम कंटाळवाणं आहे, पीएचडीच्या मुदतीत बसणार नाही, आणि शेवटी उत्तर 'काही भर नाही' असंही येऊ शकतं. तरी ते आपल्या मुलांबद्दलचं उत्तर असेल. तोवर कोणी परदेशी निबंध दाखवून चाचणी लावा किंवा काढा म्हणालं, तर त्याला तीन गोष्टी विचारा. कोणत्या गटावर मोजलं? यश कशाला म्हटलं? आणि चाचणी आधी घेतली की नंतर?