‘ॲरिओपॅजिटिका’ आणि परवान्याचा न्याय

मिल्टनचें ‘ॲरिओपॅजिटिका’ आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या वर्गांत जितकें वाखाणलें जातें तितकें वाचलें जात नाहीं. त्यांतील दोनचार वाक्यें पाठ केलीं म्हणजे परीक्षा निभावते, आणि पुढें जन्मभर मुद्रणस्वातंत्र्याचा विषय निघाला कीं त्याचें नांव घेण्याची सोय होते. परंतु तें अथपासून इतिपर्यंत शांतपणें वाचणारास त्यांत दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतील. लिहिणारावर कोणाचा अंमल असावा कीं नसावा, हा एक; आणि असलाच तर तो कोणत्या रीतीनें चालावा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर मिल्टनची वाणी अपूर्व आहे. दुसऱ्यावर मात्र, आमच्या मतें, तो फार लवकर थांबला.

जून १६४३ मध्यें पार्लमेंटनें हुकूम काढला कीं, नेमलेल्या परीक्षकाच्या मंजुरीवांचून कोणतेंही पुस्तक छापूं नये. १६४१ सालीं ज्यांनीं स्टार चेंबर मोडून टाकलें त्यांनींच तिच्या १६३७ च्या नियमांची ही नवी आवृत्ति काढावी, हें मिल्टनला झोंबलें. घटस्फोटासंबंधीं त्याचें स्वतःचें पुस्तक त्याच वर्षीं विनापरवाना निघालें होतें, आणि त्यावर तक्रारीही झाल्या होत्या. नोव्हेंबर १६४४ त ‘ॲरिओपॅजिटिका’ निघालें तेंही परवान्याशिवायच. मुखपृष्ठावर ग्रंथकाराचें नांव आहे, मुद्रकाचें नाहीं.

ह्या पुस्तकांतील उत्तम भाग कोणता म्हणून विचाराल तर ग्रीस-रोमच्या इतिहासाचा नव्हे. तो परीक्षकाच्या वर्णनाचा. दिवसचे दिवस बरींवाईट हस्तलिखितें चाळीत बसण्याचें हें काम इतकें कंटाळवाणें आहे कीं कोणीही योग्य मनुष्य तें फार काळ पत्करणार नाहीं. मग त्या जागीं येणार तो एक तर अडाणी, नाहीं तर पैशाचा लोभी. वर्षानुवर्षें अभ्यास केलेल्या पंडितानें ह्या गृहस्थाच्या दारांत पंतोजीपुढें उभ्या राहिलेल्या पोराप्रमाणें उभें राहावें! छापतां छापतां नवा विचार सुचला तर पुन्हा त्याच्याकडे धांवावें, तो घरीं नसला तर छापखाना थांबवावा. येथें मिल्टन तत्त्वज्ञान सांगत नाहीं, कारभार कसा चालतो तें सांगतो. आणि म्हणूनच हीं पानें आजही जुनीं वाटत नाहींत. इटलींत इन्क्विझिशनच्या कैदेंत असलेल्या गॅलिलिओची त्यानें घेतलेली भेट याच ओघांत येते.

परंतु ह्याच मिल्टननें पुढें एक अपवाद ठेवला आहे. रोमन पंथाचें मत व उघड अधर्म यांना त्याची सहिष्णुता लागू नाहीं. आणि निनांवी पुस्तक उपद्रवी ठरल्यास त्याला अग्नि व जल्लाद हेच उपाय तो सुचवितो. ठरविणार कोण? लेखकाचें म्हणणें ऐकून घेणार कीं नाहीं? याविषयीं चकार शब्द नाहीं. परवाना मिळालेल्या पुस्तकावर परीक्षकाचें नांव झळकतें, पण नाकारलेल्या पुस्तकाच्या वाट्यास ना नांव येतें ना कारण. ह्या एकतर्फी उजेडावर मिल्टननें प्रहार करावयास हवा होता. तो त्यानें केला नाहीं, कारण त्याची नजर परीक्षकाच्या लायकीवर खिळली होती. परीक्षक लायक असूनही पद्धत अन्यायाची असूं शकते.

पुढें १६५१ मध्यें ‘मर्क्युरियस पॉलिटिकस’ ह्या सरकारी वृत्तपत्राच्या नोंदी परवाना देणारा म्हणून मिल्टनच्याच नांवावर होऊं लागल्या. टीकाकारांनीं यावरून त्याला बरेंच हिणविलें आहे. आम्हांस तें अनुदार वाटतें. मित्राच्या पत्राला संमति देणें म्हणजे कोणाची मुस्कटदाबी करणें नव्हे. तथापि स्वतः त्या खुर्चीवर बसल्यावरही कारभाराच्या रीतीविषयीं त्यानें कांहीं लिहून ठेवलें नाहीं, एवढें खरें.

परवान्याचा कायदा अखेर १६९५ त लोपला तो मिल्टनच्या वक्तृत्वानें नव्हे. कॉमन्स सभेनें त्या वेळीं जीं कारणें दिलीं तीं अगदीं रुक्ष आहेत: ग्रंथविक्रेत्यांच्या कंपनीची मक्तेदारी, जकातघरांत अडकून पडणारीं परदेशी पुस्तकें, आणि आक्षेपार्ह पुस्तक म्हणजे कोणतें तें कायद्यांत कोठेंच सांगितलेलें नाहीं ही तक्रार. मेकॉलेला यांत उदात्त तत्त्वाचा अभाव दिसला. आम्हांस मात्र ही शेवटची तक्रार सबंध निबंधाच्या तोलाची वाटते. नियम आधीं कळला पाहिजे, ही मागणी क्षुद्र कशी?

आमच्या मासिकांचे संपादकही ‘साभार परत’ एवढ्या दोन शब्दांवर लेखकाची बोळवण करितात, असा कोणी टोमणा मारील. मारावा, त्यांत तथ्य आहे. पण एका संपादकानें परत केलेला लेख दुसऱ्याकडे जातो, परीक्षकानें अडविलेलें पुस्तक कोठेंच जात नाहीं. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्यें बंदी आली ती १८७६ च्या नाट्यप्रयोगाच्या कायद्यान्वयें. प्रयोग बदनामीकारक, राजद्रोह चेतविणारा अथवा प्रेक्षकांस बिघडविणारा आहे असें सरकारचें मत झालें कीं पुरे. लेखकाला आधीं विचारण्याचें बंधन त्या कलमांत नव्हतें. हा कायदा पुस्तकांतून रद्द झाला तो २०१८ सालीं.