संघ, मैदान आणि गाव : एका हरवण्याचा शोध

खेळाचा संघ आपले शहर सोडून गेला म्हणजे नेमके काय जाते? खेळाडू तर येतात-जातातच. मैदान जागेवर असते, निदान काही वर्षे तरी. प्रेक्षकही त्याच गल्लीत राहतात. तरीही काहीतरी गेले अशी भावना उरते. अमेरिकेत या भावनेवर एक अख्खे वाङ्मय उभे राहिले आहे. आपल्याकडे संघही गेले, मैदानेही गेली. वाङ्मय मात्र जवळपास नाही. आपण हळवे कमी आहोत म्हणून असे झाले, की आपले हरवणेच वेगळ्या जातीचे आहे? सातारा-सांगलीच्या पट्ट्यात राहून, मिळेल तेवढे वाचून मी ज्या उत्तरापर्यंत आलो ते इथे मांडतो.

आधी अमेरिकेचे प्रकरण. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डॉजर्स हा बेसबॉलचा संघ होता. त्याचे मैदान एबेट्स फील्ड, १९१३ साली सुरू झालेले, जेमतेम बत्तीस हजार माणसांचे. याच मैदानावर १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन उतरला आणि आधुनिक काळातल्या मोठ्या साखळीतली वर्णभेदाची भिंत पडली. १९५५ साली संघाने पहिले जगज्जेतेपद मिळवले. पुढच्या दोनच वर्षांत मालक वॉल्टर ओमॅली यांनी संघ लॉस एंजेलिसला नेत असल्याचे जाहीर केले. त्यांना ब्रुकलिनमध्येच नवे मैदान बांधायचे होते, पण हवी ती जागा मिळवून द्यायला शहराचे सर्वशक्तिमान नियोजक रॉबर्ट मोझेस तयार नव्हते. त्यांनी दुसऱ्या भागातली जागा देऊ केली, ती ओमॅलींना नको होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कचा जायंट्स संघही सॅन फ्रान्सिस्कोला गेला. एबेट्स फील्ड १९६० साली पाडायला घेतले. पाडकामाचा लोखंडी गोळा बेसबॉलच्या चेंडूसारखा रंगवला होता आणि पुढे १९६४ साली जायंट्सचे पोलो ग्राउंड्सही त्याच गोळ्याने पाडले. एबेट्स फील्डच्या जागी आज राहण्याच्या इमारती आहेत.

या घटनेच्या छायेत लिहिलेले सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे रॉजर कान यांचे १९७२ सालचे ‘द बॉइज ऑफ समर’. कान तरुणपणी डॉजर्सचे वार्ताहर होते. जुने खेळाडू निवृत्तीनंतर कुठे आहेत, कसे जगताहेत हे त्यांनी घरोघर जाऊन पाहिले. पुस्तक चांगले आहे, आणि त्याचे बळ माणसांत आहे. पण एक समीक्षक म्हणून मला त्यात, आणि त्याच्या मागून आलेल्या आठवणींच्या पुस्तकांत, दोन गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट हिशेबाची. २४ सप्टेंबर १९५७ रोजी एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला, त्याला ६,७०२ प्रेक्षक होते. संघ जाणार ही कुणकुण लागलेली होती हे खरे. तरी बत्तीस हजारांच्या मैदानात त्या संध्याकाळी पाचातल्या चार खुर्च्या रिकाम्या होत्या. पुढे ज्यांनी मैदानासाठी अश्रू ढाळले त्या सगळ्यांना त्या दिवशी आत जागा मिळाली असती. यात ढोंग आहे असे मला म्हणायचे नाही. मैदानाची किंमत ते गेल्यावर कळते, एवढाच त्याचा अर्थ. मात्र स्मरणाचे वाङ्मय हा रिकामेपणा झाकून टाकते आणि गेलेला काळ काठोकाठ भरलेला दाखवते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. संघ गेला तो कुठे उतरला? लॉस एंजेलिसमधल्या चावेझ रव्हीन या डोंगरवस्तीवर. तिथे मेक्सिकन वंशाची कुटुंबे राहत होती. सरकारी घरबांधणीच्या नावाखाली १९५० नंतर त्यांना उठवायला सुरुवात झाली, घरांची योजना बारगळली आणि जमीन अखेर बेसबॉलला मिळाली. उरलेल्या कुटुंबांना मे १९५९ मध्ये पोलिसांनी बाहेर काढले. १९६२ साली तिथे नवे मैदान उघडले. म्हणजे एका टोकाला प्रेक्षकांचे मैदान गेले आणि दुसऱ्या टोकाला रहिवाशांचे गाव गेले. पहिल्याला ‘हरवणे’ म्हणायचे आणि दुसऱ्याला ‘जमीन उपलब्ध होणे’, ही भाषेची वाटणी तपासायला हवी. धरणाखाली गावे गेलेल्या कोयनेच्या जिल्ह्यात राहणाऱ्या वाचकाला ती लगेच ओळखू येईल.

आता आपल्याकडे वळू. आपल्या क्रिकेटची मूळ रचना संघटनेची आहे. मुंबईचा किंवा महाराष्ट्राचा संघ कोणा मालकाचा नाही, त्यामुळे तो उचलून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. इथे संघ राहतो आणि मैदान बदलते. १९३७ साली उघडलेले ब्रेबॉर्न मैदान क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. प्रेक्षकांच्या जागांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचे बिनसले. संघटनेने हाकेच्या अंतरावर वानखेडे बांधले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. ब्रेबॉर्नवर पुन्हा कसोटी व्हायला २००९ साल उजाडावे लागले. पुण्यात नेहरू स्टेडियम महापालिकेचे. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी केनियाने वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळले ते याच मैदानावर. पुढे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे स्वतःचे मैदान बांधले आणि मोठे क्रिकेट स्वारगेटजवळून तिकडे गेले. चालत किंवा सिटी बसने सामना बघायला जाणारा माणूस त्या दिवशी मैदानाला मुकला. त्याच्यावर कोणी पुस्तक लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. संघाचे नाव तेच राहिले, म्हणून काही गेले असे वाटलेच नाही.

मालकीचे संघ आपल्याकडे २००८ साली आयपीएलबरोबर आले. पुणे वॉरियर्स २०११ साली उतरले. नाव पुण्याचे, पण पहिल्या हंगामातले ‘घरचे’ सामने नवी मुंबईत. २०१३ नंतर संघच संपला. रायझिंग पुणे २०१६ साली आले आणि दोन हंगामांत गेले. यातल्या २०१६ च्या हंगामाकडे सांगली जिल्ह्यातून पाहिले तर वेगळे दिसते. त्या एप्रिलमध्ये मिरजेच्या स्थानकातून लातूरला रेल्वेने पाणी जात होते. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी १२ एप्रिलला लातुरात पोहोचले. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. पुण्याच्या संघाने विशाखापट्टणम हे आपले घर केले.

तेव्हाची चर्चा खेळपट्टीला किती पाणी लागते आणि सामन्यांतून महसूल किती बुडतो या दोनच मापांत अडकली. संघाला घर सोडावे लागले, असे दुःख कोणी व्यक्त केले नाही. मला त्यात उणीव दिसत नाही. जे घर कधी झालेच नव्हते ते सुटल्याचे दुःख व्हावे कसे? महाराष्ट्र प्रीमियर लीगने २०२३ च्या पहिल्या हंगामात कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, सोलापूर अशी नावे संघांना दिली आणि सामने सगळे गहुंज्यातच घेतले. तिथे गावाचे नाव जर्सीपुरते असते.

सांगलीचा अनुभव तर आणखी वेगळा. विजय हजारे १९१५ साली सांगलीत जन्मले. भारताला पहिला कसोटी विजय त्यांच्या नेतृत्वाखाली १९५२ साली मद्रासला मिळाला. त्यांची रणजीतली कारकीर्द मात्र प्रामुख्याने बडोद्याची. स्मृती मानधना सांगलीत वाढली, महाराष्ट्राकडून खेळली, आणि २०२४ साली तिच्या नेतृत्वाखाली करंडक जिंकला तो बंगळुरूच्या संघाने. त्या रात्री सांगलीकरांनी बंगळुरूच्या विजयाचा आनंद केला. संघ सोडून जातो हे दुःख मोठ्या शहराचे. छोट्या शहरातून खेळाडू जातो आणि शहर त्याच्या मागे मनाने प्रवास करते. ब्रुकलिनची फूटपट्टी इथे लावली तर मोजायला काहीच सापडत नाही.

मग आपल्या भागाचे स्वतःचे असे काय आहे? उत्तर आपल्या बोलण्यातच आहे. सातारा-सांगलीकडे ‘मैदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक जागा, दुसरा प्रसंग. ‘कुंडलचे मैदान’ म्हटले की तिथल्या कुस्त्या अभिप्रेत असतात. मैदान ‘भरते’, मैदान ‘मारतात’, मैदान ‘गाजते’. यात्रेच्या तिथीला रान नांगरून, माती चाळून आखाडा होतो, हलगी कडाडते, दिवेलागणीपर्यंत निकाली कुस्त्या चालतात आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा रान असते. इथे संघ नाही. पैलवान कुठूनही येतो. यजमान गाव असते आणि कायम असते ती तिथी.

कुस्ती मैदानांची छापील पत्रके मी जमवतो. त्यांत पैलवानाच्या नावापुढे अनेकदा गावाऐवजी तालमीचे नाव असते : गंगावेस, शाहूपुरी. पोरगे वाळव्याचे किंवा खटावचे, पण ओळख कोल्हापूरच्या तालमीची. म्हणजे घर सोडणे इथे शिक्षणाचा भाग आहे. त्याचा शोक होत नाही, कारण तिथीला तो गावच्या मैदानात परत येतो.

या जगाचा मराठीतला सर्वांत खोल दस्तऐवज मला व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या ‘बनगरवाडी’त सापडतो. ही कादंबरी मास्तरची, धनगरांची, दुष्काळाची म्हणून वाचली जाते. तिच्यातल्या तालमीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. औंध संस्थानातल्या त्या वाडीत लोक श्रमून तालीम बांधतात आणि तिच्या उद्घाटनाला राजेसाहेब येतात. वाडीने स्वतःसाठी उभारलेली ही सामाईक वास्तू आहे. मग दुष्काळ येतो, मेंढरे घेऊन माणसे निघून जातात आणि वाडी ओस पडते. ब्रुकलिनमध्ये संघ गेला, मैदान पाडले आणि माणसे उरली. बनगरवाडीत तालीम उरते आणि माणसे जातात. माडगूळकर त्या तालमीवर अश्रू ढाळत नाहीत. अमेरिकी लेखक वास्तूचा शोक करतो; वास्तूला अर्थ देणारे गावच हलू शकते हे माणदेशी लेखकाला ठाऊक आहे. मला ‘बनगरवाडी’ची ही समज ‘द बॉइज ऑफ समर’पेक्षा अधिक पक्व वाटते.

माझ्या या मांडणीची एक कसोटी अलीकडेच होऊन गेली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारखी मैदाने शर्यतींना मुकली. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत कोणतीही इमारत पाडावी लागली नव्हती, कारण इमारत नव्हतीच. परवानगी येताच मैदाने पुन्हा भरली. बंदी योग्य होती की नव्हती, हा प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न आहे आणि तो हलका नाही. माझा मुद्दा एवढाच की तिथीवर उभे असलेले मैदान सात वर्षे गैरहजर राहूनही परत येऊ शकते. एबेट्स फील्डला ते शक्य नव्हते.

यावरून आपले तेवढे चांगले असा निष्कर्ष मी काढणार नाही. पिढ्यान् पिढ्या बाई या मैदानाच्या कडेलाही नव्हती. मानाची जागा कोणाची, हलगी वाजवायची कोणी, हे जातीने ठरत आले. आणि जे परत येऊ शकते त्याची नोंद ठेवायची गरज कोणाला वाटत नाही, ही या रचनेची सर्वांत मोठी दुर्बलता आहे. एबेट्स फील्डच्या शेवटच्या संध्याकाळी किती माणसे होती हे सत्तर वर्षांनी मी सातारा-सांगलीत बसून सांगू शकतो. माझ्याच तालुक्यातले एखादे मैदान शेवटचे कधी भरले हे मात्र विचारत फिरावे लागते, आणि तीन माणसे तीन साले सांगतात. पाडलेल्या मैदानाची तारीख उरते. न भरलेल्या मैदानाला तारीखच नसते. ते एका वर्षी वर्गणी जमली नाही म्हणून राहते, दुसऱ्या वर्षी रान विकले गेले म्हणून राहते, आणि तिसऱ्या वर्षी त्याची आठवण काढणारा मुंबईला गेलेला असतो.

म्हणून शोकगीतापेक्षा आपल्याला नोंदवही हवी आहे. प्रत्येक गावाच्या यात्रा कमिटीकडे, तालमीच्या फळीवर, जुन्या पैलवानाच्या ट्रंकेत मैदानाची पत्रके पडून आहेत. त्यांवर तिथी, इनाम, पैलवानांची आणि वस्तादांची नावे आहेत. खेळाचा इतिहास लिहायला याहून भक्कम साधन नाही, आणि त्याचा कागद सर्वांत हलका, वर्षा-दोन वर्षांत विरणारा आहे. या दिवाळीत घर झाडताना असे एखादे पत्रक हाती लागले तर ते रद्दीत घालू नका. त्याच्या पाठीवर साल लिहा.